आगोट आली, होड्या शाकारल्या. जेट स्कीच्या इंजिनाचं काय?

मालवण : २६ मे ही तारीख किनाऱ्यावरच्या जलक्रीडा व्यावसायिकांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. त्या दिवसापासून ३१ ऑगस्टपर्यंत पर्यटकांना घेऊन समुद्रात उतरायला महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाची बंदी. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडी थांबते, तारकर्ली-देवबागच्या पॅरासेलिंगच्या बोटी माडाखाली ओढल्या जातात, बनाना राईडच्या फुग्यातली हवा काढून घड्या घातल्या जातात. यांत्रिकी मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. जलक्रीडेची मोजली तर ९८ दिवस भरतात. पण कागदावरचे ९८ दिवस संपले म्हणून समुद्र लगेच निवळत नाही आणि गिऱ्हाईकही लगेच येत नाही. दसरा-दिवाळी उजाडेपर्यंत धंद्याला खरी हालचाल नसते. म्हणजे मशीन चार-साडेचार महिने उभं.

लाकडी होडी पावसाळ्यात कशी ठेवायची हे किनाऱ्यावर कोणाला शिकवावं लागत नाही. होडी वर घ्यायची, खाली लाकडं घालून ती जमिनीपासून उचलायची, माडाच्या झापांनी शाकारायची. पिढ्यान् पिढ्या हे चालत आलं आहे. जेट स्की मात्र किनाऱ्यावर आली तीच गेल्या काही वर्षांत, पर्यटनाच्या लाटेबरोबर. तिला आगोटीची रीत अजून लागलेली नाही. कोणी ती होडीसारखी झाकून ठेवतो, कोणी मोटारसायकलसारखी दर पंधरा दिवसांनी चालू करून बघतो, कोणी निळी ताडपत्री गुंडाळून मांगरात ढकलतो आणि थेट सप्टेंबरात बघतो. मग किल्ली फिरवली की टक् टक् आवाज येतो आणि तिथून मेस्त्रीच्या नावाने शोधाशोध सुरू होते.

ही एखाद-दुसऱ्या व्यावसायिकाची हलगर्जी म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. २०२५ पासून तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आहेत. पाऊस लवकर आला, पंपावरचं पेट्रोल बदललं आणि नव्या मशीनवरचा कर वाढला. तिन्हींचा बोजा शेवटी त्या एका इंजिनावर आणि त्याच्या मालकाच्या हप्त्यावर येऊन पडतो.

पुस्तकातला हिवाळा आणि इथला पावसाळा

जेट स्की बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन. यामाहा आणि कावासाकी जपानच्या, सी-डू बनवणारी बीआरपी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली. त्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका-कॅनडातल्या तळ्यांवरचं. तिथे ऑक्टोबरपासून थंडी, मग तळ्यावर बर्फ. त्यामुळे मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तकात लांबच्या मुक्कामाचं जे प्रकरण असतं ते हिवाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. पाणी गोठलं की त्याचं आकारमान साधारण ९ टक्के वाढतं. इंजिनाच्या किंवा एक्झॉस्टच्या पोकळीत साचलेलं पाणी गोठलं तर लोखंडही तडकतं. म्हणून तिथे उरलेलं पाणी बाहेर काढायचं आणि आत न गोठणारं द्रव्य, म्हणजे अँटीफ्रीझ, सोडायचं यावर सगळा भर.

मालवणात हिवाळा हाच ऐन सिझन. डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि जेट स्की दिवसभर पाण्यात असते. इथे पाणी गोठायचा प्रश्नच नाही. इथला मुक्काम पावसाळ्यातला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा जिल्हा. जुलैत भिंतीला पाणी सुटतं, तांदळाच्या पिंपात किडे होतात, कपाटातल्या चपलेला बुरशी येते. अशा हवेत मिठाने माखलेलं इंजिन ठेवायचं आहे. पुस्तकातला गोठण्याचा धडा इथे उपयोगाचा नाही. पण म्हणून ते सगळं प्रकरणच बाजूला ठेवून द्यायचं, असं जे होतं ते मात्र महागात पडतं. कारण त्यातलं अँटीफ्रीझ वगळलं तर बाकीची कामं इथे तिथल्यापेक्षा जास्त गरजेची आहेत.

मचूळ पाण्याने धुतलेलं इंजिन

पहिला शत्रू मीठ. यामाहा आणि कावासाकीच्या मशीनमध्ये इंजिन थंड करायला समुद्राचंच पाणी आत घेतलं जातं. मागच्या जेट पंपातून ते इंजिनाभोवती फिरतं आणि बाहेर पडतं. सी-डूच्या इंजिनात कारसारखं बंद कुलंट असतं, पण एक्झॉस्ट थंड करायला तिथेही बाहेरचंच पाणी. म्हणजे हंगामभर आतल्या बारीक वाटांमधून खारं पाणी वाहत असतं. मशीन उभं राहिलं की पाणी सुकतं आणि मीठ उरतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. चार महिने ते ओलं मीठ ॲल्युमिनियमला खात बसतं.

त्यावर उपाय गोड्या पाण्याने आतून धुण्याचा. हे रोज संध्याकाळीही करायचं असतं आणि हंगामाच्या शेवटी सावकाश, नीट. पण इथे दोन गोष्टी चुकतात.

पहिली चूक क्रमाची. जेट स्कीला होज जोडल्यावर आधी इंजिन चालू करायचं आणि लगेच पाणी सोडायचं. बंद करताना आधी पाणी बंद, मग एक-दोनदा हलकेच रेस देऊन आतलं पाणी बाहेर फेकायचं आणि काही सेकंदांत इंजिन बंद. हे उलटं झालं, इंजिन बंद असताना पाणी चालू राहिलं, तर एक्झॉस्टमधून पाणी बाहेर ढकलायला दाबच नसतो. ते आतल्या पेटीत भरतं आणि मागे सिलिंडरमध्ये शिरतं. त्या स्थितीत कोणी स्टार्टर मारला तर पिस्टनला दाबायला हवा नसते, पाणी असतं. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. गंमत अशी, की पॅरासेलिंगच्या बोटीला जे बाहेर लटकवलेलं आऊटबोर्ड इंजिन असतं त्याचा नियम बरोबर उलटा. तिथे आधी पाणी सोडायचं, मगच इंजिन चालू करायचं, नाहीतर पाण्याच्या पंपातलं रबरी इम्पेलर जळतं. एकाच किनाऱ्यावर, एकाच मालकाकडे, एकच पोरगा दोन्ही मशीनं धुतो. घोटाळा होणारच.

दुसरी चूक पाण्याची. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी तळाला जातात आणि पाणी मचूळ होतं. देवबागसारख्या गावात तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये चिंचोळी पट्टी. चहाला चव न देणारं पाणी इंजिनाला गोडं कसं ठरेल? धुतल्याचं समाधान तेवढं मिळतं, मीठ थोडं कमी होतं, पण जात नाही. पावसाची पहिली जोरदार सर पडली की पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून, कौलांवरचा पहिला कचरा वाहून गेल्यावर, छोट्या पंपाने तेच होजमधून दिलं तर त्याच्याइतकं चांगलं पाणी नाही. म्हणजे २५ मेला मचूळ पाण्याने एकदा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाच्या पाण्याने पुन्हा. खर्च शून्य. पण त्यासाठी मशीन तोपर्यंत मांगराच्या कोपऱ्यात गाडलेलं नसावं.

पेट्रोलचा प्रश्न : ऊस वैभववाडीचा, इंजिन मालवणचं

खरा विषय इथून पुढे आहे, कारण तो एकट्या व्यावसायिकाच्या हातातला नाही.

देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली. १० टक्क्यांचं उद्दिष्ट २०२२ मध्येच गाठलं होतं. २० टक्क्यांसाठी आधी २०३० साल धरलं होतं, ते अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये तेही गाठलं. इथेनॉल उसापासून, मक्यापासून, तुकडा तांदळापासून होतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात वाईट म्हणण्यासारखं फारसं काही नाही. कारखान्याला साखरेखेरीज दुसरं गिऱ्हाईक मिळालं की उसाचं बिल वेळेवर निघण्याची आशा वाढते. सिंधुदुर्गातही वैभववाडी तालुक्यातला ऊस घाट चढून गगनबावड्याच्या बाजूच्या कारखान्याला जातो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रावर, या इंधनाची दुसरी बाजू दिसते.

जेट स्कीच्या तिन्ही कंपन्यांच्या पुस्तकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली आहे. अमेरिकेत तर १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल बोटीच्या इंजिनात वापरायला कायद्यानेच मनाई आहे. पंपावर तसा फलक लावलेला असतो. इथे तालुक्याच्या पंपावर गिऱ्हाईकाला निवड नाही. जे येतं ते भरायचं. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवा अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. योगायोग असा, की जलक्रीडेवरची पावसाळी बंदी उठते तो दिवसही १ सप्टेंबरच.

या वादात बहुतेक बोलणं झालं ते गाड्यांबद्दल : ॲव्हरेज किती पडलं, रबर खराब होतं का, जुन्या गाडीचं काय. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही हिशेब आहे तो दुचाकी-चारचाकीचा. सरकारचं म्हणणं, गाड्यांना मोठा धोका नाही. ते गाडीपुरतं घटकाभर मान्य केलं तरी एक फरक राहतोच. गाडीच्या टाकीतलं पेट्रोल आठवडा-पंधरवड्यात संपतं आणि नवं येतं. जेट स्कीच्या टाकीत तेच पेट्रोल मे ते सप्टेंबर पडून राहतं आणि तेही वर्षातल्या सगळ्यात दमट महिन्यांत.

इथेनॉल पाणी ओढतं. टाकीला श्वास घ्यायला नळी असते. दिवसा ऊन पडलं की आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री गारवा आला की बाहेरची ओली हवा आत येते. इथेनॉल ते पाणी पोटात घेतं. एका मर्यादेपर्यंत सगळं एकजीव राहतं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की २० टक्क्यांचं पेट्रोल १० टक्क्यांच्या पेट्रोलपेक्षा जास्त पाणी पोटात ठेवू शकतं, म्हणजे फुटायला जास्त वेळ घेतं. पण एकदा का मर्यादा ओलांडली, की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात आणि पेट्रोल वर तरंगतं. खाली बसलेला थर मोठा असतो, कारण इथेनॉलच दुप्पट आहे. इंधनाचा पंप टाकीच्या तळाला. त्यामुळे सप्टेंबरात किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला घोट मिळतो तो या पाणचट थराचा. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला. जुन्या टू-स्ट्रोक मशीनचा कार्बोरेटर असेल तर त्याची बारीक छिद्रं चिकटाने बंद झालेली. नव्या फोर-स्ट्रोकला इंजेक्टर.

मग टाकी भरून ठेवायची की रिकामी? किनाऱ्यावर या प्रश्नावर दोन तट आहेत आणि दोघेही अर्धे बरोबर आहेत. कंपन्यांची पुस्तकं म्हणतात भरून ठेवा, ताजं पेट्रोल आणि त्यात स्टॅबिलायझर. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा नाही, हवा नाही म्हणजे ओलावा कमी. इंजेक्शनच्या मशीनला हे बरं, कारण टाकीतला इलेक्ट्रिक पंप चार महिने कोरडा पडणं त्यालाही मानवत नाही. कार्बोरेटरच्या जुन्या मशीनला मात्र टाकी उपसून, कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं काढून ठेवलेलं चांगलं. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धी टाकी. आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी असते ती अर्धीच.

त्याचं कारण आळस नाही, पैसा आहे. मोठ्या जेट स्कीची टाकी साधारण ७० लिटरची. लिटरला शंभराच्या वर भाव धरला तर एका मशीनमागे सात हजारांहून जास्त रुपये पावसाळाभर टाकीत अडकतात. धंदा बंद, बँकेचा हप्ता चालू, जूनमध्ये पोरांच्या शाळेचा खर्च, वर शेतीत भाताचं बी-खत. अशा वेळी २५ मेला टाकी काठोकाठ भरून मशीन झाकून ठेवणारा माणूस विरळाच. शेवटच्या फेरीला जेवढं उरलं तेवढं तसंच राहतं.

स्टॅबिलायझरबद्दलही गैरसमज आहे. ते पेट्रोल शिळं होण्याचा वेग कमी करतं. फुटलेलं पेट्रोल पुन्हा एकजीव करत नाही. म्हणून ते मे महिन्यातच, ताज्या पेट्रोलमध्ये घालायचं असतं आणि त्यानंतर होजचं पाणी जोडून थोडा वेळ इंजिन चालवायचं असतं, म्हणजे ते मिश्रण टाकीत न राहता थेट इंजेक्टरपर्यंत पोचतं. सप्टेंबरात बाटली ओतून उपयोग नाही. टाकी उपसायची असेल तर उघड्यावर, बॅटरी सोडवून, विडी-काडी लांब ठेवून. ते पेट्रोल घरातल्या दुचाकीत दोन-चार दिवसांत संपवावं, बाटल्या भरून माळ्यावर ठेवू नये.

ज्याचा समुद्राशी संबंध नाही त्यालाही हा भाग लागू आहे. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीकडे घरोघर ग्रास कटर आले आहेत, पॉवर विडर आले आहेत, फवारणीचे पेट्रोल पंप आहेत. हंगाम संपला की तेही टाकीत पेट्रोल ठेवून भिंतीला टेकवले जातात आणि पुढच्या वर्षी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो.

तेल, प्लग, बॅटरी

बाकीची कामं थोडक्यात सांगता येतात. फोर-स्ट्रोक इंजिनाचं तेल पावसाळ्याआधी बदलायचं, नंतर नाही. वापरलेल्या तेलात ओलावा आणि आम्ल साठलेलं असतं. ते चार महिने बेअरिंगला लावून ठेवण्यात शहाणपण नाही. "सप्टेंबरात चालू करायच्या वेळी बदलू" हा हिशेब पैसे वाचवत नाही, फक्त खर्च पुढे ढकलतो आणि वाढवतो.

स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये गंजरोधक तेलाचा फवारा मारायचा असतो. बाजारात त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो, त्याला फॉगिंग ऑईल म्हणतात. तो मिळाला नाही तर चमचाभर इंजिन ऑईलवर भागतं, पण चमचाभरच. मग इंजिन पेटणार नाही अशा बेताने स्टार्टर क्षणभर फिरवायचा, म्हणजे तेल भिंतीला लागतं. टर्बो किंवा सुपरचार्जर असलेल्या मशीनला मात्र कंपनीचं पुस्तक बघितल्याशिवाय हवेच्या वाटेतून काही मारू नये.

बॅटरी काढून घरात आणायची. १२ व्होल्टची बॅटरी भरलेली असेल तर मीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते. ती १२.४ च्या खाली उतरून राहिली की आतल्या पट्ट्यांवर पांढरं साचायला लागतं आणि मग तिचा जीव जातो. महिन्यातून एकदा चार्जिंग पुरतं. पावसाळ्यात वीज कधी असेल याचा भरवसा नाही, त्यामुळे असेल त्या दिवशी लावून घ्यावं, ऑगस्टची वाट बघू नये.

आणि ती पंधरा दिवसांनी इंजिन चालू करून बघायची सवय. ती चांगल्या हेतूने आहे, पण तिने नुकसानच होतं. दोन मिनिटं चालवून इंजिन तापत नाही. उलट जळणातून तयार झालेलं पाणी तेलात उतरतं, सिलिंडरला लावलेलं तेल धुऊन जातं. शिवाय होज न जोडता चालवलं तर एक्झॉस्टचे रबरी पाईप तापतात. तेल मारून ठेवलेल्या इंजिनाला सप्टेंबरपर्यंत हात न लावलेलाच बरा.

ताडपत्री की झाप?

जेट स्कीच्या पोटातही पाणी असतं. मागच्या बाजूला बुचं असतात, ती उघडून, नाकाडाकडची बाजू थोडी वर करून ठेवली की पाणी निथळतं. सीट उघडून आतला भाग कोरड्या फडक्याने पुसायचा, धातूच्या भागांवर गंजरोधक फवारा. मग झाकण. इथे निळ्या ताडपत्रीने घोटाळा केला आहे. ती घट्ट आवळली की बाहेरचं पाणी आत जात नाही हे खरं, पण आतला ओलावाही बाहेर पडत नाही. सकाळी उकलून बघितलं तर आतून घाम फुटलेला असतो. झापांनी शाकारलेल्या होडीत वारा खेळतो. ताडपत्री वापरायचीच असेल तर छपरासारखी वर ताणून, बाजू मोकळ्या ठेवून, सीट थोडी उचललेली. म्हणजे तत्त्व जुन्या शाकारणीचंच.

मोकळं ठेवलं की उंदीर आलेच. भात भरलेल्या मांगरात जेट स्की ठेवली तर वायरिंग वाचणं कठीण. एक्झॉस्टच्या आणि हवेच्या तोंडाला जाळी बांधावी. काही जण फडकं कोंबतात. ते चालतं, पण सप्टेंबरात ते काढायचं राहून जातं. हँडलला चिठ्ठी बांधून ठेवणं हा त्यावरचा सोपा उपाय.

पाऊस लवकर, कर जास्त

२०२५ मध्ये ही सगळी आवराआवर करायला उसंतच मिळाली नाही. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी दक्षिण कोकणात. २६ मेला तो मुंबईतही पोचला. त्याच्या आधीच्या आठवड्यातही जोरदार पाऊस झाला होता. मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे सुट्टीतली शेवटची कमाई. ती गेली आणि मशीनं घाईघाईने, होती तशी, आत ढकलली गेली. पाऊस असा पंधरा दिवस पुढे-मागे होणार असेल तर २५ मेपर्यंत शेवटची फेरी मारून मग आवरू, हा हिशेब जुना झाला. तेल, प्लग, स्टॅबिलायझर हे सामान मेच्या पहिल्या आठवड्यातच घरात असायला हवं. ते मालवणच्या दुकानात प्रत्येक वेळी मिळतंच असं नाही. गोव्याहून किंवा मुंबईहून मागवावं लागलं की आठवडा जातो.

इंजिन गेलं तर नवं घेऊ, हे तर आता आणखी कठीण. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. सर्वसामान्यांच्या अनेक वस्तू स्वस्त झाल्या, पण यॉट आणि मौजेसाठीच्या किंवा खेळाच्या नौका ४० टक्क्यांच्या गटात गेल्या. दिल्लीतून बघताना या गटात श्रीमंतांच्या खासगी बोटी दिसतात. तारकर्लीत त्याच गटातली वस्तू म्हणजे कर्ज काढून घेतलेलं, माणशी तिकिटावर चालणारं, दोन-तीन घरांचं पोट भरणारं यंत्र. रिक्षाला जसं कोणी चैन म्हणत नाही तसंच हे. पण कराच्या तक्त्यात मुंबईच्या उद्योगपतीची बोट आणि देवबागच्या पोराची जेट स्की एकाच ओळीत बसतात. ही तक्रार व्यावसायिकांनी आमदार-खासदारांकडे नेण्याजोगी आहे. फक्त तिचा निकाल लागेपर्यंत जुनं इंजिन टिकवणं एवढाच मार्ग हातात राहतो.

शिकवणार कोण?

जलक्रीडेचं प्रशिक्षण मिळत नाही असं नाही. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे बोट चालवण्याचे आणि जीव वाचवण्याचे अभ्यासक्रम चालतात. तारकर्लीत एमटीडीसीचं स्कूबा डायव्हिंगचं केंद्र आहे. पण इंजिन पावसाळ्यात कसं ठेवायचं हा विषय कोणाच्याच वाट्याला नीट आलेला नाही. जो तो मोबाईलवर परदेशातले व्हिडीओ बघतो आणि तिथला माणूस बर्फाबद्दल बोलत असतो. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथल्या कार्यशाळेत मे महिन्याच्या सुरुवातीला दोन दिवसांचा वर्ग, समोर एक जेट स्की आणि एक आऊटबोर्ड, मराठीतून, हाताने करून दाखवलं, तर त्याला फार मोठा निधी लागणार नाही. पर्यटन खातं, मेरीटाईम बोर्ड आणि व्यावसायिकांच्या संघटना यांच्यापैकी कोणीतरी एकाने पत्र लिहायला हवं.

हा प्रश्न व्यावसायिकाच्या खिशापुरता असता तर एक वेळ ठीक होतं. भर समुद्रात, मागे गिऱ्हाईक बसलेलं असताना इंजिन बंद पडलं तर जेट स्कीला दिशाच राहत नाही. तिचं वळणं पंपातून सुटणाऱ्या पाण्याच्या झोतावर असतं. झोत थांबला की हँडल फिरवून काही होत नाही. लाट नेईल तिकडे ती जाते. म्हणून पावसाळ्यानंतरची पहिली चाचणी गिऱ्हाईक नसताना आणि गर्दीपासून लांब घ्यायला हवी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची जी स्पीडबोट आदळली, तिच्या इंजिनाची चाचणीच तेव्हा चालू होती. नौदलासारख्या यंत्रणेच्या बाबतीत ते घडलं. १ सप्टेंबरला चिवला किंवा दांडीच्या किनाऱ्यावर कोणी काय उतरवलं, याची तर नोंदही कुठे होत नाही.

त्या पहिल्या दिवशी किल्ली फिरवली की इंजिन पांढरा-निळा धूर सोडेल. सिलिंडरमधलं तेल जळतं त्याचा तो धूर असतो, थोड्या वेळात जातो. घाबरून मेस्त्री बोलावू नये. त्याआधी मात्र पोटाखालची बुचं लावली आहेत का ते बघावं. मे महिन्यात उघडलेलं बूच सप्टेंबरात विसरलं, की मशीन पाण्यात गेल्यावर हळूहळू मागून बसायला लागतं आणि लक्षात येईपर्यंत इंजिनात पाणी. ते टाळण्याची एक फुकट युक्ती आहे : बुचं काढली की ती मांगरातल्या फळीवर न ठेवता, सुतळीला ओवून स्टार्टरच्या किल्लीलाच बांधून ठेवायची.